अंगावरचा भडक रंग : निसर्गाची धोक्याची पाटी

(रेडिओवरील शेती कार्यक्रमातील भाषण)



मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, की इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडच्या भातखाचरांत आणि बांधालगतच्या डबक्यांत एक नवल दिसते. एरवी शेवाळी, मळकट रंगाचे मोठे बेडूक हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळेजर्द होतात. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात आणि रात्रभर डरांव डरांव चालते. मग गावात कुणीतरी म्हणतो, "हे विषारी बेडूक आहेत, बाहेरून आलेत." मोबाइलवर चित्र फिरते. पोरे दगड उचलतात आणि बिचारे बेडूक मरतात.

आता हे बेडूक खरोखरच विषारी आहेत का? रंगावरून विष ओळखता येते का? आणि शेतकऱ्याला त्याचा उपयोग काय? आज याच तीन प्रश्नांबद्दल बोलायचे आहे. विषय बेडकापासून सुरू होतो, पण तो बाजरीच्या कणसापर्यंत आणि तुमच्या फवारणीच्या डब्यापर्यंत जातो. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

खरे विषारी बेडूक कुठले?

जगात भडक रंगाचे विषारी बेडूक आहेत, ही गोष्ट खरी. ते दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या ओल्या जंगलांत राहतात. कोलंबिया देशात एक सोनेरी पिवळा बेडूक आहे. शास्त्रज्ञांनी त्याची नोंद १९७८ साली केली. अंगाने तो जेमतेम दोन इंचांचा. पण त्याच्या कातडीतले विष इतके जहाल, की तिथले एंबेरा नावाचे आदिवासी आपल्या फुंकनळीच्या बाणाचे टोक त्याच्या पाठीवर घासून शिकार करीत आले.

हा बेडूक झाडाच्या पानाआड लपत नाही. भर दिवसा उघड्यावर फिरतो. का? कारण त्याचा रंगच पाटी आहे. "मी इथे आहे, मला ओळखा, पण मला तोंड लावू नका." एखाद्या अजाण पक्ष्याने असला भडक प्राणी एकदा चोचीत धरला, तोंड पोळले, ओकारी आली, की तो पक्षी जन्मभर तो रंग विसरत नाही. मळकट रंग लक्षात राहत नाही, भडक रंग राहतो. म्हणून ज्याच्या अंगात विष त्याला भडक रंग फायद्याचा. एकाने मार खाल्ला तरी बाकीची सगळी जात वाचते. याला इशाऱ्याचे रंग म्हणतात. लाल, पिवळा, नारिंगी आणि जोडीला काळा, हे त्यातले नेहमीचे रंग.

आणखी एक गंमत बघा. हा बेडूक आपले विष स्वतः तयार करीत नाही. जंगलातले बारीक किडे खाऊन ते त्याच्या कातडीत साठते. पिंजऱ्यात वाढवून दुसरे खाद्य दिले, तर त्याला विष चढत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे रुईच्या झाडापाशी ती पुन्हा लागेल.

मग आपला पिवळा बेडूक?

आपल्या डबक्यातला पिवळा बेडूक या जातीचा नाही. अमेरिकेतले ते बेडूक आपल्या रानात नाहीतच. आपला पिवळा बेडूक म्हणजे हळद लागलेला नवरदेव आहे, एवढेच! पहिल्या पावसात मादीला बोलावण्यासाठी नर बेडकाचा रंग उजळतो. काही दिवसांत हळद उतरते आणि तो पुन्हा शेवाळी होतो. हा रंग धोक्याचा नाही, लग्नाचा आहे.

हा बेडूक भातातले टोळ, भुंगे, किडे, खेकडे, कधी उंदराचे पिल्लूसुद्धा गिळतो. एके काळी याच बेडकांच्या तंगड्या आपल्या देशातून परदेशी जात. शेतातला कीडखाऊ गडी असा ताटात गेला, तर पिकाचे काय, असा प्रश्न उठला आणि १९८७ साली ही निर्यात बंद झाली. तेव्हा दगड खाली ठेवा. पोरांनाही सांगा.

अंगणातला खरबरीत बेडूक

आता दुसरा बेडूक घ्या. दिवे लागले की ओट्याखालून, गोठ्यातून, पाण्याच्या हौदामागून एक जाड, खरबरीत, अंगावर चामखिळी असलेला बेडूक सावकाश बाहेर येतो. पुस्तकात त्याला भेक म्हणतात. याचा रंग मातीसारखा. कसलीही भडक पाटी नाही. पण याच्याच अंगात विष आहे, बरं का!

भेकाच्या डोळ्यांमागे दोन फुगीर गाठी असतात. कुणी त्याला दाबले किंवा चावले, की त्या गाठींतून दुधासारखा चिकट रस येतो. हा रस तोंडात, पोटात गेला तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतो. संकट आले की भेक अंग फुगवतो, मान खाली घालतो आणि त्या गाठी शत्रूपुढे धरतो. गवत्या सापासारखे काही थोडे साप तरीही त्याला खातात. बाकीचे बहुतेक प्राणी एकदा चाखले की पुन्हा वाटेला जात नाहीत.

मग भेकाला मारायचे का? मुळीच नाही. तो आपणहून काही करीत नाही. चावत नाही, विष फेकून मारीत नाही. त्याला हात लावल्याने चामखीळ येते, हीही खोटी समजूत. रात्रभर तो मुंगळे, वाळवी, भुंगे, अळ्या टिपत असतो. मजुरी न घेणारा राखणदारच म्हणा ना. फक्त पुढील काळजी घ्या.

त्याला उचलावे लागलेच, तर सूपडीवर किंवा फडक्यात धरून बाजूला ठेवा. हात लागला तर साबणाने धुवा आणि तोवर डोळ्यांना लावू नका. कुत्र्याने भेक धरला तर त्याच्या तोंडाला फेस येतो. अशा वेळी पाण्याची धार तोंडात बाजूने सोडून तोंड धुऊन काढा. धार घशात जाऊ देऊ नका. ओल्या फडक्याने हिरड्या पुसा आणि कुत्रे झोकांड्या देऊ लागले तर लगेच जनावरांच्या दवाखान्यात न्या. भेक किंवा त्याची अंडी कुणी खाऊ नयेत. असे खाऊन माणसे दगावल्याच्या घटना जगात घडल्या आहेत. भाजून, शिजवून विष जाईल, या भरवशावर राहू नका.

बेडकाच्या कातडीतला रस नुसता शत्रूला पळवण्यासाठी नसतो. ओल्या कातडीवर बुरशी, जंतू धरू नयेत म्हणूनही तो लागतो. सह्याद्रीच्या पट्ट्यात तांबूस-सोनेरी पाठीचा आणि काळपट कुशीचा एक देखणा बेडूक आढळतो. २०१५ साली शास्त्रज्ञांनी त्याला वेगळी जात ठरवून नाव दिले, आणि ते आपल्या ओळखीच्या 'बहुविस्तार' या शब्दावरून. दोन वर्षांनी, २०१७ साली, केरळातून आणलेल्या याच जातीच्या बेडकाच्या कातडीत फ्लूच्या काही विषाणूंना मारणारा एक पदार्थ सापडला. केरळातल्या उरुमी नावाच्या लवचीक तलवारीवरून त्याला उरुमिन म्हणतात. हे प्रयोगशाळेतले काम आहे, घरगुती औषध नव्हे. तेव्हा बेडकाचा रस कुणी औषध म्हणून घेऊ नका. मात्र उद्याची औषधे अशा जिवांतून मिळू शकतात, म्हणून ओढ्याकाठचे बेडूक जपावेत, एवढे यातून घ्या.

रुईवरची मंडळी

भडक पाटीवाले खरे विषारी जीव आपल्याकडे नाहीत असे नाही. ते बेडकांत कमी, किड्यांत फार. बांधावरच्या रुईपाशी जरा थांबा. रुईच्या चिकाला जनावर तोंड लावत नाही, कारण त्यात हृदयाला बाधणारे विष असते. पण त्याच रुईवर पांढरे, काळे, पिवळे पट्टे असलेली एक सुरवंटासारखी अळी मजेत पाने खात असते. तिच्या पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतात. ती रुईचे विष अंगात साठवते. कोलंबियाचा बेडूक किड्यांतून विष घेतो, ही रुईतून घेते, रीत तीच. पुढे तिचे नारिंगी फुलपाखरू होते, पंखांच्या टोकाला काळे-पांढरे. ते संथपणे उडते. घाई कशाला? पक्षी त्याला ओळखून असतात.

त्याच झाडावर निळ्या-पिवळ्या रंगांनी नटलेला नाकतोडाही बसलेला असतो. त्याच्या लहान पिल्लाला चिमटीत धरले, तर पाठीतून रसाची चिळकांडी उडते. डोळ्यांत गेली तर आग होईल, म्हणून पोरांना त्याच्याशी खेळू देऊ नका.

हे जीव मुख्यतः रुईवर जगतात. ते पिकात दिसले नाहीत तर त्यांच्यावर औषध मारण्याचे कारण नाही.

बाजरीवरचे हिंगे

आता पिकाकडे वळू. येवला, नांदगाव, मालेगाव, सिन्नर भागांत श्रावण-भाद्रपदात बाजरी फुलोऱ्यात येते. तेव्हा कणसांवर काळे, अंगावर लाल-नारिंगी पट्टे असलेले भुंगे येतात. कुठे त्यांना हिंगे म्हणतात, कुठे सोसे. ते फुलोरा खातात, म्हणून कणसात दाणा कमी भरतो. तूर, मूग, उडीद, भेंडी, वेलभाज्या यांच्या फुलांवरही ते येतात.

त्यांचा काळा-लाल रंग ही खरी पाटी आहे. हिंग्याला दाबले की त्याच्या पायांच्या सांध्यांतून पिवळसर रस येतो. तो कातडीला लागला की काही तासांत फोड उठतात, भाजल्यासारखे. म्हणून हिंगे उघड्या हाताने वेचू नका आणि मानेवर बसला तर चापट मारू नका. फुंकर मारून किंवा पानाने उडवा.

ते जास्त असतील तर सकाळी, गारव्याने सुस्त असताना, हातमोजे घालून किंवा कापडी जाळीने धरा आणि थोडे रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या भांड्यात टाका. रस लागला तर चोळू नका. साबण-पाण्याने लगेच धुवा. फोड फोडू नका. डोळ्याला लागला तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन दवाखाना गाठा. हिंग्यांपासून केलेले कसलेही 'ताकदीचे औषध' कुणी देऊ केले तर घेऊ नका. हे विष पोटात गेले की मूत्रपिंड निकामी करते आणि जीवही घेते.

गोठ्याच्या दृष्टीनेही काळजी घ्या. हिंगा मेला, वाळला, तरी त्याचे विष जात नाही. अमेरिकेत लसूणघासाच्या वाळलेल्या चाऱ्यात तिकडचे असलेच भुंगे चिरडून राहतात आणि तो चारा खाऊन घोडे मरतात. म्हणून फुलावर आलेला घास कापताना त्यावर हिंगे नाहीत ना, ते बघा.

पण याचीही दुसरी बाजू आहे. हिंग्यांच्या अळ्या जमिनीत टोळ-नाकतोड्यांची अंडी खातात. म्हणजे पोर उपकारी, बाप उपद्रवी! म्हणून चार हिंगे दिसले की सबंध शेतावर फवारा मारू नका. आधी मोजा, वेचा, मग ठरवा.

पावसाळ्यात दिव्याभोवती मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळा किडाही येतो. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला की लाल, जळजळीत पट्टा उठतो. शेतात मात्र तो इतर किडी खातो. त्यालाही फुंकरच मारा.

ढालकिडा : पाटी कडू, काम गोड

लाल किंवा नारिंगी, पाठीवर काळे ठिपके असलेला छोटा गोल ढालकिडा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याला बोटावर धरले तर पायांच्या सांध्यांतून पिवळा, कडू वासाचा रस येतो. तोही पक्ष्यांना सांगतो, "मी कडू आहे." पण शेतकऱ्याला तो मित्र. करडई, गहू, कोबीवरचा मावा तो आणि त्याची अळी दिवसाकाठी डझनांनी फस्त करतात. त्याची अळी मात्र लांबट, काळी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी दिसते. पुष्कळ शेतकरी तिला कीड समजून मारतात. ही चूक टाळा.

उलट वांग्यावर मळकट तांबूस, पुष्कळ ठिपक्यांचा, पाठीवर बारीक लव असलेला भुंगा येतो. तो ढालकिड्याच्या घराण्यातला, पण पाने खरवडून जाळी करतो. म्हणजे काय, की रंग पक्ष्याला सांगतो, "मला खाऊ नको." तुमच्या पिकाचा तो मित्र की शत्रू, हे रंग सांगत नाही. ते ठरवायला तो काय खातो, हे पाहावे लागते. आजच्या भाषणातली ही मुख्य गोष्ट आहे.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांसाठी आणखी एक. पिठ्या ढेकणावर सोडतात त्या मित्र भुंग्याची अळी अंगावर पांढरे मेण घेऊन फिरते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच दिसते. मात्र ती आकाराने मोठी असते आणि भराभर चालते. वेलीवर असली अळी दिसली तर फवारणीचा हात आवरा.

खोट्या पाट्या

जिथे खरी पाटी, तिथे नक्कलही आलीच. रुईच्या त्या नारिंगी फुलपाखरासारखेच दुसरे एक फुलपाखरू दिसते. त्याच्या मादीच्या अंगात विष नसते, नुसता वेष सारखा. पक्षी फसतो आणि ती वाचते.

हीच गोष्ट सापांत माणसाच्या जिवावर येते. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेली मण्यार अत्यंत विषारी, आणि तिच्यासारखाच पट्टेवाला कवड्या बिनविषारी. अंधारात, घाईत भल्याभल्यांना फरक कळत नाही. "कवड्याच असेल" म्हणून थांबू नका. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. दंशाचा संशय आला की सरळ रुग्णालय गाठा. साप पकडून, मारून ओळख पटवण्यात वेळ घालवू नका.

आपल्या डब्यावरची पाटी

बंधूंनो, पक्षी एकदा चुकतो आणि शिकतो. आपल्याला तेवढीही सवलत नाही. आपण विकत आणतो ते विष बिनरंगाच्या पाण्यासारखे किंवा दुधासारखे दिसते. म्हणून कायद्याने त्याच्या डब्यावर रंग लावला. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांनुसार प्रत्येक डब्याच्या लेबलावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातला रंग वाचा. लाल म्हणजे अतिजहाल विष. पिवळा म्हणजे त्याखालोखाल जहाल. निळा म्हणजे मध्यम. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी. पण हिरवे म्हणजे निर्धोक नव्हे. लाल रंगाच्या वर कवटीचे चित्रही असते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात पडले. घरचा कर्ता माणूस गेला, की पीक वाचून तरी काय उपयोग? पक्षी जी पाटी चोचीने वाचतो, ती आपण डोळ्यांनी तरी वाचायला हवी.

आणि एक फरक लक्षात घ्या. भेकाचे विष त्याच्या गाठीत राहते. जो चावेल त्यालाच बाधते. आपले विष मात्र वाऱ्यावर जाते, ओढ्यात उतरते. बेडकाची कातडी पातळ आणि ओली, तो तिच्यातूनच पाणी शोषतो. पंप ओढ्यात धुतला, की कीड खाणारा हा गडीच आधी मरतो. पुढच्या हंगामात कीड वाढते, आणि आपण पुन्हा डबा आणायला निघतो.

लक्षात ठेवा

१. पहिल्या पावसातला पिवळा बेडूक विषारी नाही. मारू नका.
२. खरबरीत भेकाला डिवचू नका, खाऊ नका. त्याला त्याचे काम करू द्या.
३. भडक रंगाचा किडा उघड्या हाताने धरू नका, अंगावर चिरडू नका.
४. हिंगे सकाळी हातमोजे घालून वेचा. चाऱ्यात जाऊ देऊ नका.
५. ढालकिडा आणि त्याची मगरीसारखी अळी ओळखा. ती पुरेशी असतील तर माव्यावर फवारणी लांबवा.
६. डबा घेताना चौकोनातला रंग पाहा. फवारताना पूर्ण कपडे, हातमोजे, तोंडावर फडके किंवा मास्क वापरा. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका.
७. पंप आणि डबे ओढ्यात, विहिरीवर धुऊ नका. रिकामा डबा घरात पाण्याला, धान्याला वापरू नका.
८. विषबाधा झाली तर रोग्याबरोबर डबाही दवाखान्यात न्या. त्यावरचे लेबल पाहून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

यंदाच्या पावसात बांधावर गेलात की मुलांना बरोबर न्या. रुईवरची अळी दाखवा, ढालकिडा दाखवा, कणसावरचा हिंगा लांबून दाखवा. घरी आल्यावर कपाटातला डबा काढा आणि त्यावरचा चौकोनही दाखवा. मग तो डबा मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी कुलपात ठेवा.